डॉक्टर होणाऱ्या मुलांचा थकवा

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवसाहेबांनी मला विषय दिला होता 'रेल्वे आणि सुरक्षितता'. मी त्यांना म्हटलं, सुरक्षिततेवर बोलतो, पण रेल्वेच्या नाही. ते जरा बुचकळ्यात पडले. तुम्हीही पडाल. मी डिप्लोमा झालेला इंजिनिअर, वीस-बावीस वर्षं रुळांच्या देखभालीत गेली. मी डॉक्टर नाही की मानसशास्त्राचा अभ्यासक नाही. पण या मंडपात बसलेल्या घरांपैकी कितीतरी घरांत एक मूल मेडिकलला आहे, किंवा नीटची तयारी करतं आहे, किंवा दुसऱ्यांदा करतं आहे. त्या मुलांबद्दल बोलायचं आहे, आणि ते घरच्या माणसाने बोललेलं बरं असं मला वाटतं.

आपली भिलाई कशी वसली ते इथल्या ज्येष्ठांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. १९५९ साली पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि नागपूर, वर्धा, भंडारा, अमरावतीकडची माणसं ट्रंका घेऊन इथे आली. सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये संसार मांडले. पहिल्या पिढीने भट्टीपुढे घाम गाळला आणि मनाशी एकच ठरवलं, की पोराने इंजिनिअर नाहीतर डॉक्टर व्हायचं. त्यात वावगं काहीच नव्हतं. त्या हट्टामुळेच आज आपण इथे पांढऱ्या सदऱ्यात बसलो आहोत. पण पुढे गावभर कोचिंगचे बोर्ड लागले, बोर्डावर मुलांचे फोटो लागले, आणि घराघरांत दोनच प्रकारची मुलं उरली. फोटो लागलेली आणि न लागलेली.

आकडे पाहा. २०२५ साली नीटला २२ लाखांहून जास्त मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा देशात सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातल्या सरकारी कॉलेजांतल्या साधारण निम्म्या. म्हणजे खाजगी कॉलेजात प्रवेश घेणाऱ्या मुलाच्या मागे वडिलांचा पीएफ असतो, ग्रॅच्युइटी असते, नाहीतर गावाकडचा जमिनीचा तुकडा असतो. मुलाला हे कुणी सांगावं लागत नाही. त्याला ते पाठ असतं.

आणि आपण काय म्हणतो? "एकदा अॅडमिशन झाली की सुटलो." इथेच आपला सगळ्यांचा हिशेब चुकतो. मुलाच्या दृष्टीने ती सुरुवात असते.

बारावीपर्यंत वर्गात पहिला येणारा मुलगा तिथे पोचतो तेव्हा आजूबाजूला दीडशे-दोनशे पहिलेच बसलेले असतात. त्यातला कुणीतरी शेवटचा येणारच, हे साधं गणित आहे. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन. एकेक ग्रंथ उशीएवढा. पुस्तकं इंग्रजीत आणि आपली बरीच मुलं हिंदी माध्यमातली. समोर टेबलावर मृतदेह. घर पाचशे किलोमीटर लांब. साडेचार वर्षं अशी, मग एक वर्ष इंटर्नशिप, आणि इंटर्नशिपमध्ये पेशंट बघायचे की पीजीच्या परीक्षेचा अभ्यास करायचा ही ओढाताण. पीजी मिळाली तर रात्रंदिवस ड्युटी. लग्नाचं वय निघून जातं ते वेगळं.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, म्हणजे एनएमसीने, या मुलांच्या मानसिक आरोग्यावर एक कृती दल नेमलं होतं. त्याचा अहवाल २०२४ साली आला. एमबीबीएसच्या २५,५९० आणि पीजीच्या ५,३३७ विद्यार्थ्यांनी त्यांच्या ऑनलाइन पाहणीला उत्तरं दिली. एमबीबीएसच्या २७.८ टक्के मुलांनी सांगितलं की आपल्याला मानसिक आजाराचं निदान झालेलं आहे. गेल्या वर्षभरात जीव देण्याचे विचार मनात आले, असं सांगणारे एमबीबीएसमध्ये १६.२ टक्के आणि पीजीमध्ये ३१.२ टक्के. आता मी इंजिनिअर असल्याने एक शंका आधीच काढतो. अशा पाहणीत ज्याला त्रास आहे तोच उत्तर द्यायला जास्त पुढे येतो, त्यामुळे आकडा थोडा फुगलेला असू शकतो. चला, निम्मा धरा. तरी पीजीच्या सहा मुलांमागे एक. माझ्या हद्दीत सहा रुळांमागे एक दोषी निघाला तर मी गाडी चालू देणार नाही.

या विषयावर मराठी माणसाला एक नाव विसरता येणार नाही. डॉ. पायल तडवी. जळगावची मुलगी, तडवी भिल्ल समाजातली. मिरजेच्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाली आणि मुंबईच्या टोपीवाला कॉलेजात, म्हणजे नायर रुग्णालयात, स्त्रीरोगशास्त्रात पीजीला गेली. २२ मे २०१९ ला तिने आपलं आयुष्य संपवलं. वय २६. तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टर जातीवरून सतत छळत होत्या, असा आरोप घरच्यांनी केला. त्यांना अटक झाली, खटला कोर्टात आहे, त्यामुळे त्यावर मी निकाल देणार नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. घरच्यांचं म्हणणं असं, की मुलीने त्रास सांगितला होता आणि त्यांनी तो वरपर्यंत कळवलाही होता. म्हणजे 'मुलं बोलत नाहीत' हे नेहमी खरं नसतं. बोललेलं कुठे जातं, हा प्रश्न आहे. पायलच्या आई आबेदा तडवी त्याच वर्षी रोहित वेमुलाच्या आईंबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेल्या. शिक्षणसंस्थांतला भेदभाव थांबवा, एवढीच त्यांची मागणी. दोन आया, एक महाराष्ट्राची, एक आंध्रची.

आपल्या मंडपात सगळ्या जातींची माणसं एका रांगेत प्रसाद घेतात, म्हणून आपल्याला वाटतं की हे दूर कुठेतरी घडतं. हॉस्टेलवर पहिल्याच दिवशी "तुझा रँक काय?" हा प्रश्न कशासाठी विचारला जातो, ते आपल्या मुलांना विचारून बघा.

आता थोडं घरचं. माझा भाचा महाराष्ट्रातल्या एका सरकारी कॉलेजात मेडिसिनला रेसिडेंट आहे. कॉलेजचं नाव सांगत नाही. दिवाळीत दोन दिवसांसाठी आला. आल्या आल्या झोपला तो दुसऱ्या दिवशी दुपारी उठला. ताईने केलेला फराळ तसाच. ताई चिडली, "अरे, दोन घास तरी खा, कुणासाठी केलंय?" तो म्हणाला, "आई, मला भूकच कळत नाही आता." संध्याकाळी आम्ही दोघं सिव्हिक सेंटरला चहा प्यायला गेलो. तिथे तो सहज, हवापाण्यावर बोलावं तसं म्हणाला, "मामा, मागच्या आठवड्यात पहाटे एक म्हातारबाबा गेले. मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? एक बेड रिकामा झाला."

हे सांगताना तो रडला नाही. मला त्याचीच भीती वाटली. लहानपणी हा मुलगा चिमणी मेली तरी जेवत नसे.

पुढे मी वाचायला लागलो तेव्हा कळलं की याला नाव आहे. बर्नआऊट. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हा शब्द शास्त्रात आणला. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याची नोंद घेतली आहे. आजार म्हणून नाही बरं का, कामाच्या ठिकाणी न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. लक्षणं तीन सांगितली आहेत. माणूस आतून रिकामा होतो. कामापासून मनाने लांब जातो, त्याला माणसांच्या जागी खाटा दिसू लागतात. आणि आपल्याला काहीच धड जमत नाही असं त्याला वाटू लागतं. भाच्याचं वाक्य दुसऱ्या लक्षणात तंतोतंत बसत होतं. तो दुष्ट झालेला नव्हता, झिजला होता.

आमच्या धंद्यात याला फटीग म्हणतात. लोखंडालाही थकवा येतो. रूळ एका मोठ्या वजनाने तुटत नाही. तो झेपेल अशाच वजनाने तुटतो, फक्त ते वजन लाखो वेळा त्याच जागेवरून जावं लागतं. वरून चकचकीत दिसतो, आत केसाएवढी चीर असते. म्हणून आम्ही डोळ्यांवर विसंबत नाही, अल्ट्रासोनिक यंत्र फिरवतो. दोष सापडला की रुळावर रंगाने खूण होते. काहींना 'ताबडतोब काढा', काहींना 'नजर ठेवा'. तोवर गाडीचा वेग कमी करतो, मग ती राजधानी असो की मालगाडी. भिलाईचाच रूळ आहे, देशात नंबर एक आहे, घट्ट राहील की, असं म्हणून कुणी सोडून देत नाही.

आणि माणसांच्या बाबतीत रेल्वेने काय केलं ते ऐका, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. १९४६-४७ मध्ये रेल्वे कामगारांच्या कामाच्या तासांचा वाद न्यायमूर्ती राजाध्यक्षांपुढे गेला. मुंबई हायकोर्टाचे मराठी न्यायाधीश. त्यांच्या निवाड्यातून कामाची प्रतवारी पक्की झाली. ज्या कामात सतत लक्ष द्यावं लागतं आणि मध्ये उसंत नसते ते 'इंटेन्सिव्ह'. आज रेल्वे कायदा १९८९ मध्ये अशा कामाला आठवड्याला सरासरी ४५ तासांची मर्यादा आहे, सर्वसाधारण सलग कामाला ५४ तासांची. सेक्शन कंट्रोलर, जो एका टेबलावरून सगळ्या गाड्यांचं भान ठेवतो, त्याची पाळी सहा तासांची. का? त्याची दया येते म्हणून नाही. सातव्या तासाला तो चुकेल आणि गाडीत आपण बसलेलो असू, म्हणून. कागदावरचं सगळं प्रत्यक्षात येतं असा माझा दावा नाही, आमच्या लोको पायलट मंडळींना विचाराल तर ते तासभर ऐकवतील. पण निदान मर्यादा आहे, ती मोडली तर मोडली असं म्हणता येतं.

आता आयसीयूत पहाटे चार वाजता औषधाचा डोस ठरवणारा पोरगा. त्याचं काम इंटेन्सिव्ह नाही तर काय? १९९२ सालच्या केंद्राच्या रेसिडेन्सी योजनेत रेसिडेंट डॉक्टरांसाठी दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तास लिहिलेले आहेत. तीस वर्षं होऊन गेली. एनएमसीच्या त्याच अहवालात पीजीच्या ४५ टक्के विद्यार्थ्यांनी आठवड्याला ६० तासांपेक्षा जास्त काम असल्याचं सांगितलं. त्या कृती दलाने शिफारस केली ती ७४ तासांपेक्षा जास्त नको आणि आठवड्यातून एक सुटी द्या, अशी. म्हणजे ४८ वरून आपण ७४ वर आलो, आणि तीही सुधारणा म्हणायची! २०२३ च्या पीजी नियमावलीत साप्ताहिक सुटी आहे, वर्षाला २० दिवसांची रजा आहे, पण कामाचे तास 'वाजवी' असावेत एवढंच म्हटलं आहे. वाजवी म्हणजे किती, हे वरिष्ठांनी ठरवायचं. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ज्या डॉक्टर मुलीचा बळी गेला तीही सलग ३६ तासांच्या ड्युटीवर होती. त्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयालाही या तासांबद्दल काळजी व्यक्त करावी लागली.

जुने डॉक्टर म्हणतात, "आम्हीही हेच केलं, आम्ही नाही मेलो." त्यांच्याबद्दल मला आदर आहे. एक मुद्दा त्यांचा मान्यही करतो. सर्जनला हात साफ व्हायला तास लागतातच, आणि पेशंट एका हातातून दुसऱ्या हातात जाताना गोष्टी सुटतात. पण आमच्याकडे स्टेशन मास्तर पाळी संपली की डायरीत चार्ज लिहून देतो, दुसरा सही करून घेतो, आणि पहिला घरी जाऊन झोपतो. चार्ज नीट देण्याची पद्धत बसवायची की माणसालाच ३६ तास उभं ठेवायचं, यातलं स्वस्त काय आहे ते मला कळतं. बरोबर काय आहे तेही कळतं.

अमेरिकेत हे एका बापामुळे बदललं. मार्च १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या रुग्णालयात लिबी झायन नावाची १८ वर्षांची मुलगी रात्री दाखल झाली आणि सकाळपर्यंत गेली. तिला पाहणारे शिकाऊ डॉक्टर प्रचंड लांब ड्युटीत होते, हाताखाली पेशंटही खूप. वडील सिडनी झायन पत्रकार आणि वकील. ते गप्प बसले नाहीत. चौकशी झाली, बेल समिती बसली, आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० तास आणि सलग २४ तासांची मर्यादा घातली. २००३ मध्ये ८० तासांची मर्यादा देशभर आली. आदर्श नाही, ८० हेही भयंकरच. पण बघा, तिथे तो प्रश्न डॉक्टरांच्या सोयीचा म्हणून सुटला नाही, पेशंटच्या जिवाचा म्हणून सुटला. आपण सगळे पेशंट आहोत. आज नसलो तर उद्या.

आता आपल्या कॉलनीतली गोष्ट. त्या मुलाच्या वडिलांच्या परवानगीने सांगतो, नाव सांगणार नाही, कुणी ओळखलंत तर कृपया मान वळवून बघू नका. दोनदा ड्रॉप घेऊन त्याला परराज्यातल्या एका खाजगी कॉलेजात प्रवेश मिळाला. याच स्टेजवर आपण त्याला शाल-श्रीफळ दिलं, स्मरणिकेत फोटो छापला. पहिल्या वर्षी एका विषयात राहिला. सप्लीची परीक्षा दिली, पुन्हा राहिला. फोनवर रोज तेच, "हो, बरा आहे. जेवलो. ठेवतो." बाबा निश्चिंत होते. पण आईच्या एक गोष्ट लक्षात आली. हा पूर्वी रोज विचारायचा, आज भाजी कोणती केलीस? ते त्याने विचारणं बंद केलं होतं. एवढ्यावर त्या माऊलीने नवऱ्याला त्याच रात्रीच्या गाडीत बसवलं. बाप पोचला तेव्हा पोरगा तीन आठवडे वर्गात गेलेला नव्हता, खोलीत अंधार करून पडलेला. कॉलेजातल्या कुणी घरी एक फोन केला नव्हता.

रायपूरला मनोविकारतज्ज्ञांना दाखवलं. डिप्रेशन. औषधं आणि समुपदेशन सात-आठ महिने चाललं. मुलगा सावरला, कॉलेज मात्र सोडलं. भरलेली फी गेली ती गेली. आता तो पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम करतो आणि घरी भाजी कोणती ते विचारतो.

पण ते कुटुंब पुढची दोन वर्षं आरतीला आलं नाही. का, ते त्याच्या वडिलांनी मला सांगितलं. पहिल्याच दिवशी कुणीतरी प्रसाद घेता घेता विचारलं होतं, "काय, सोडलं का डॉक्टरकी? आता काय करणार?" विचारणाऱ्याच्या मनात काही नसेल. पण मुलाच्या जीवनमरणाच्या प्रसंगातून परतलेल्या बापाला हातातला प्रसाद जड झाला. ते म्हणाले, "पोराला टायफॉइड झाला असता तर हीच माणसं डबा घेऊन आली असती."

तेव्हा माझ्या दोन सूचना आहेत, मंडळाने विचार करावा. गुणगौरव जरूर करा, मुलांचं कौतुक व्हायलाच हवं. पण रँक आणि टक्के माइकवर वाचू नका, नाव आणि पुढे काय शिकणार एवढंच सांगा. आणि त्याच रांगेत आयटीआयवाला, नर्सिंगवाली, दुकान सुरू केलेला मुलगा यांनाही बोलवा. दुसरं म्हणजे, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विशाखापट्टणममधल्या एका नीटच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निर्देश दिले आहेत. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक समुपदेशक हवा, आणि मार्कांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत. हे कोचिंग क्लासलाही लागू आहे. फी भरताना आपण हॉस्टेलला एसी आहे का ते विचारतो. समुपदेशक कोण आहे, कोणत्या वेळी बसतो, आणि त्याच्याकडे गेलेल्या मुलाची गोष्ट बाहेर फुटत नाही ना, हेही विचारा. शेवटचं महत्त्वाचं आहे. डॉक्टरकीतली मुलं मदत घेत नाहीत याचं एक मोठं कारण हेच, की उद्याचे परीक्षक तेच, आणि शिक्का बसला तर काय, ही भीती.

शासनाची टेली मानस नावाची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून. नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, हिंदीत आणि मराठीतही बोलता येतं. आई-वडिलांनीही करायला हरकत नाही. हा नंबर स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात छापावा, जाहिरात एक कमी घ्या.

भाषण संपल्यावर मागच्या रांगेतून एका काकूंनी विचारलं, "भाऊ, आमची मुलगी तिसऱ्या वर्षाला आहे. विचारलं तर 'ठीक आहे' म्हणते. मी नेमकं विचारू काय?" त्यांना जे सांगितलं ते सचिवांच्या आग्रहावरून इथे देतो. जेवलीस का, अभ्यास झाला का, हे नको. काल किती तास झोपलीस ते विचारा. तिथे तुझं कुणाशी जमतं ते विचारा. तिचं उत्तर आलं की लगेच उपदेश सुरू करू नका, थोडा वेळ फोन नुसता कानाला धरून ठेवा. आणि कधी ती 'मी नसते तर बरं झालं असतं' असं काही बोलली, थट्टेत बोलली तरी, तर सरळ विचारा की जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने विचार येत नाहीत, उलट मुलांना हायसं वाटतं की कुणीतरी विचारलं, असं मनोविकारतज्ज्ञ सांगतात. 'हो' म्हणाली तर फोन ठेवू नका. घरातल्या दुसऱ्या माणसाला हॉस्टेलच्या वॉर्डनला फोन लावायला सांगा, एकटी राहू देऊ नका आणि मिळेल ती गाडी पकडा.

काकू म्हणाल्या, "आणि रिझर्वेशन नाही मिळालं तर?"

म्हटलं, काकू, तेवढं माझ्याकडे लागलं. रात्री कितीही वाजता फोन करा.